आडाचा कठडा आणि हौदाचे झाकण

स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शेंगाचटणीची कृती मागितली असती तर हसतहसत दिली असती. परंतु अध्यक्षबाईंनी ऐकले नाही. "तुम्ही हौदाच्या झाकणावरून आम्हा सगळ्यांना जे ऐकवले होते, तेच सविस्तर लिहा," असे त्या म्हणाल्या. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली, मुलीने कॉलेजातून काही कागद आणून दिले, आणि दुपारच्या वेळी बसून हे लिहिले आहे. चुकलेमाकले पोटात घालावे.

घर बांधताना नगरपालिकेचे नियम पाळायचे म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. हे नियम म्हणजे कचेरीतल्या माणसांनी आपल्याला छळण्यासाठी काढलेली कटकट, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत होते. पण त्यांचा इतिहास वाचला तेव्हा ध्यानात आले की यांतला एकेक नियम कोणाच्या तरी घरी आकांत झाल्यावर लिहिला गेला आहे. आणि घरातल्या पाण्याचे नियम तर आपल्या बायकांच्याच संसाराशी बांधलेले आहेत, कारण पाण्यापाशी सगळा दिवस आपणच असतो.

आपले सोलापूर हे पाण्याची चणचण सोसत वाढलेले गाव. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी आपल्या शिष्यांसह तळे खोदले, ते आजही गावाच्या मध्यावर आहे. पेठापेठांतून वाडे झाले तसे वाड्यावाड्यांतून आड झाले. माझ्या माहेरच्या वाड्यात असाच एक आड होता. काळ्या दगडाचा गोल कठडा, वर लाकडी रहाट, आणि दोराने घासून घासून दगडाला पडलेल्या खाचा. कठडा आमच्या आजीच्या कमरेइतका. आजी सांगे की आड खणला तेव्हा पहिल्या वर्षी कठडा नव्हता, नुसत्या चार फळ्या टाकल्या होत्या. भावकीतले एक वासरू आत पडले, तेव्हा कोठे पुरुषमंडळींनी गवंडी बोलावला. "वासरू पडले म्हणून कठडा झाला, माणूस पडायची वाट पाहिली नाही हेच नशीब," असे ती म्हणे. संध्याकाळी दिवे लागले की आडावर लाकडी झडप टाकायची, आणि लहान मूल आडाजवळ दिसले की जी बाई पाहील तिने त्याला उचलून आणायचे, मग ते मूल कोणाचेही असो. हा आमच्या वाड्याचा कायदा. तो कोठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

लिहिलेले कायदेही फार जुने आहेत. बाबिलोन देशाच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, बांधलेले घर कोसळून मालक मेला तर घर बांधणाऱ्यास देहांताची शिक्षा सांगितली होती. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन घरांमध्ये किती जागा सोडावी, सांडपाण्याची वाट कशी काढावी हे सांगितले आहे. आगीच्या भयासाठी पाण्याने भरलेले घट, शिडी, कुऱ्हाड, सूप अशा वस्तू घरात न ठेवणाऱ्यास दंडही सांगितला आहे. घरात शिडी आणि भरलेले घट आहेत की नाहीत हे कोणी पाहिल्याशिवाय दंड कसा करणार? तेव्हा घरांची तपासणी ही काही इंग्रजांनीच आणलेली गोष्ट नव्हे.

मात्र तपासणी या शब्दाची आपल्या लोकांना जी धास्ती बसली, ती इंग्रजी अमलात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. स्वयंपाकघर म्हटले नाही, देवघर म्हटले नाही. बायकांची तर फारच विटंबना झाली. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हेही आपण बायकांनी विसरू नये. रोग खरा होता आणि स्वच्छतेची गरजही खरी होती. पण घरच्या बाईला विश्वासात न घेता बुटासकट घरात शिरणारी तपासणी लोकांनी कधीच आपली मानली नाही. दारात तपासणीस आला की दार अर्धे लोटून "मालक घरी नाहीत" म्हणायची आपली सवय, मला वाटते, तेव्हापासूनचीच असावी.

पुढे १९०१ साली मुंबई इलाख्यातील गावोगावच्या नगरपालिकांसाठी कायदा झाला. नवे घर बांधायचे तर नगरपालिकेला आधी लेखी कळवावे, ही गोष्ट त्या कायद्यात होती. आज आपण "बांधकाम परवाना" म्हणतो त्याचे हे मूळ. पडायला झालेली भिंत किंवा उघडी विहीर यांपासून लोकांना धोका असेल तर मालकाला बंदोबस्त करायला लावायचा, हाही अशा कायद्यांचा एक हेतू असतो. आपल्या सोलापुरात १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि १९४९ सालचा महापालिकांचा कायदा येथे लागू झाला.

आता झाकणाची गोष्ट सांगते. ती मुंबईत घडली. त्या काळी मुंबईत घरोघर विहिरी होत्या आणि हिवतापाने माणसे हैराण होती. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली हिंदुस्थानातच दाखवून दिले होते. १९०९ च्या सुमारास डॉ. बेंटले यांनी मुंबईत तपास केला. हिवतापाचा डास तेथे दलदलीपेक्षा घरच्या विहिरींत आणि टाक्यांतच वाढतो असे त्यांना आढळले. झाले! विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असे हुकूम सुटू लागले. लोकांनी मोठी ओरड केली. विहिरीच्या पाण्यावर सूर्याची किरणे पडली पाहिजेत, पूजेला विहिरीचेच पाणी पाहिजे, असे हिंदू आणि पारशी दोघेही म्हणत होते. तोही श्रद्धेचा प्रश्न होता, त्याला हसण्याचे कारण नाही. शेवटी काही ठिकाणी जाळीची झडप बसवून पाणी काढायची सवलत मिळाली. म्हणजे पूजाही राहिली आणि डासही अडले. लोकांशी बोलून नियम केला तर मार्ग निघतो, तो असा.

दुसरी गोष्ट नारूची. आपल्या आज्यांनी नारू डोळ्यांनी पाहिला आहे. पायातून हातहात लांबीचा दोरा निघायचा आणि माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडला की त्यात रोगाचे किडे पडत, आणि तेच पाणी प्यायल्याने पुढच्यांना नारू होई. पाण्यात उतरणाऱ्या कोण? घागरी घेऊन जाणाऱ्या आपणच! १९८३-८४ पासून देशभर मोहीम निघाली. पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, पाणी वरूनच शेंदायची सोय केली. पाणी फडक्याने गाळून घ्यायला घरोघर शिकवले. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. यासाठी कोणतीही लस नव्हती. विहिरीची बांधणी बदलली आणि बायकांनी पाणी गाळले, त्यावर एवढा मोठा रोग गेला.

आता मी स्वतः सोसलेला एक प्रसंग. १९९३ साली मी शाळेत होते. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास घर हलले, फळीवरची भांडी खाली आली, आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन गेली. उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. पुष्कळ घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना सांधणारा आरपार दगड नाही, भोवती पट्टा नाही. दोन्ही अंगांनी भिंत फुटली आणि वरची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. तोपर्यंत तो मुलूख भूकंपाच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याचा समजला जात होता. २००२ च्या नकाशात तो वरच्या, तिसऱ्या श्रेणीत घातला. पुन्हा बांधलेल्या घरांना आरपार दगड आणि काँक्रीटचा पट्टा घालायला शिकवले गेले. नियम आला, पण आठ हजार माणसे गेल्यावर आला. आजीचे वासरू मला तेव्हा फार आठवले.

मग नळाचे दिवस आले म्हणावे, तर नळ सोलापूरला नवा नाही. हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ सालचा. पुढे त्याचे पाणी गावाला मिळू लागले, आणि नंतरच्या काळात उजनीचे पाणीही आले. नळ आले तसे आड मागे पडले. कोणी त्यांत केरकचरा टाकला, कोणी फरशी टाकून वर खोली बांधली. १९७२ च्या दुष्काळात बुजवलेले आड उपसावे लागले, असे सासूबाई सांगत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण त्या वर्षी लोकांनी प्रत्यक्ष भोगली. आणि गेली कित्येक वर्षे आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. दोन दिवसांनी, तीन दिवसांनी, कधी चार-पाच दिवसांनी. म्हणून प्रत्येक घराने अंगणात, जिन्याखाली, नाहीतर दाराशीच जमिनीत हौद खणला. एका परीने आड परत आला म्हणायचा. परंतु आडाबरोबर जो कठडा होता, झडप होती, आणि सगळ्या वाड्याचे डोळे होते, ते काही परत आले नाहीत.

आमच्या घरी हौद बांधला तेव्हा गवंड्याने लोखंडी झाकणाचा खर्च सांगितला. मीच म्हटले, "झाकणाचे मागाहून बघू, आधी स्वयंपाकघरातली फरशी होऊ द्या." हे माझे शब्द. हौदावर एक पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड ठेवला. पाण्याचा दिवस होता, पहाटे पाणी सुटले. पत्रा बाजूला करून मी आत पाइप सोडला आणि चुलीवरचे दूध पाहायला घरात गेले. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. ती केव्हा उठली आणि आपला प्लॅस्टिकचा तांब्या घेऊन माझ्यासारखे पाणी भरायला केव्हा गेली, हे मला कळलेही नाही. आवाज काहीच झाला नाही. बुडणारे मूल ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. शेजारच्या अक्का आपल्या दारात सडा घालत होत्या. त्यांना पाण्यावर तरंगणारा तांब्या दिसला. त्यांनी जमिनीवर पालथे पडून हौदात हात घातला आणि झग्याला धरून मुलीला वर ओढले. मुलगी वाचली. आज तीच मला या लेखासाठी कागद आणून देते. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हातातली एक पाटली यजमानांच्या पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आधी झाकण."

पुढे मी नियम वाचले तेव्हा मला रडू आले. कारण सगळे लिहिलेलेच होते! विहिरीला जमिनीपासून निदान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, उंचीचा कठडा असावा. विहिरीभोवती पाणी बाहेर वाहून जाईल अशी फरसबंदी असावी. संडास आणि उकिरडा यांपासून विहीर निदान १५ मीटर दूर असावी. पाण्याच्या टाकीला बिजागरीचे घट्ट बसणारे झाकण असावे, डास शिरू नये. देशाची इमारत संहिता प्रथम १९७० साली निघाली, आणि शहरांच्या बांधकाम नियमावल्यांतूनही असेच नियम सांगितलेले असतात. हे बिजागरीचे झाकण डासासाठी सांगितलेले आहे, पण जे झाकण डासाला आत जाऊ देत नाही ते मुलालाही आत पडू देत नाही. मुंबईच्या हिवतापावरून आलेली शिकवण माझ्या मुलीच्या उपयोगी पडली असती. मीच ती फरशीपायी मागे ठेवली होती.

आणखी एक गोष्ट सर्व भगिनींनी ध्यानात ठेवावी. २०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावली मंजूर झाली. तीत लहान घरांची खटपट कमी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंत, परवानाधारक अभियंत्यामार्फत कागद आणि फी भरली की काम सुरू करता येते. गरिबाचे हेलपाटे वाचले हे चांगलेच झाले. पण याचा अर्थ असाही होतो की आपल्या हौदाचे झाकण पाहायला प्रत्येक वेळी कोणी साहेब येईलच असे नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुती तपासून घेण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावरच आहे. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी भिंतीचे फुगलेले पोट पाहावे, पडल्यावर नव्हे.

हल्ली शहराबाहेर कोणी कोणी घरापाशी पोहण्याचे तलाव बांधू लागले आहेत. आपल्या जिल्ह्यात त्याहून मोठा धोका शेततळ्यांचा. २०१६ साली सरकारने मागेल त्याला शेततळे देण्याची योजना काढली. डाळिंबाच्या बागा त्यावर जगल्या, हे उपकार खरेच. पण तळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, ओला झाला की बुळबुळीत. आत पडलेल्या मोठ्या माणसालाही काठावर चढता येत नाही. भोवती तारेचे कुंपण, काठाला बांधून आत सोडलेला गाठीगाठींचा जाड दोर, आणि हवा भरलेली एक ट्यूब, एवढे असले तरी जीव वाचतो. जगात २०२१ साली सुमारे ३ लक्ष माणसे बुडून मेली, आणि बुडण्याचा सर्वांत अधिक धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून जगभर पाळतात.

न्यूझीलंड हा लहानसा देश. तेथे पुष्कळ घरांपाशी पोहण्याचे तलाव असतात. लहान मुले बुडू लागली, तेव्हा १९८७ साली त्यांनी कायदा केला की घरच्या तलावाला १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक पाहिजे. त्यानंतर मुलांचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. २०१७ पासून तेथे अशा तलावांची दर ३ वर्षांनी तपासणी करतात. तेथील लोकही खर्चाबद्दल कुरकुरले असतीलच. पण कुंपण एकदा घालावे लागते आणि मूल रोज सांभाळावे लागते. रोजच्या सांभाळात एखादा क्षण चुकणारच, कारण दूध उतू जाते. त्या एका क्षणासाठी कठडा असतो, झाकण असते, फाटक असते.

भगिनींनो, मंडळाच्या या वर्धापनदिनी माझे एकच मागणे आहे. हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या घरी जातोच. या वर्षी जाल तेव्हा तबक घेण्याआधी हौदाचे झाकण पाहा. ते बिजागरीचे आहे का, मुलाच्या हाताने उघडते का, पाणी भरताना वर जाळी टाकता येते का, जुना आड नुसत्या फरशीखाली पोकळ तर नाही ना, एवढे पाहावे. कोणीही राग मानू नये. ही तपासणी बुटासकट शिरणारी नाही, चपला दाराशी काढून येणारी आहे. जिला झाकणाचा खर्च झेपत नसेल तिने संकोच न करता सांगावे. आपल्या भिशीतून एक झाकण सहज निघेल. लिहिलेला नियम कागदावर राहतो. पोटच्या पोरासारखे दुसऱ्याचे पोर उचलून आणायचा आमच्या वाड्याचा कायदा त्याच्या जोडीला असला, तर सोलापुरात कोणाला पाटली मोडावी लागणार नाही.